पाळण्याच्या रांगेत पेटलेलं भांडण



मागच्या वेळी आम्ही शेवयांच्या पाकिटावर काय काय छापावं लागतं ते सांगितलं होतं. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. जत्रेत रहाटपाळण्यापाशी, तालुक्याला लागलेल्या आनंदनगरीत, नाहीतर लेकरांच्या सहलीच्या वॉटर पार्कात दोन माणसं हातघाईवर आली, तर तिथं नेमलेल्या सुरक्षा रक्षकानं काय करावं? तुम्ही म्हणाल, हा विषय पोलिसांचा, जत्रा कमिटीचा, गड्यामाणसांचा. बचत गटाचा त्यात काय संबंध? गेल्या चैत्रापर्यंत आम्हीही असंच म्हणत होतो.

आता महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची जत्रा भरेल आणि मग गावोगावच्या जत्रांचा हंगाम सुरू होईल. तुमच्यातल्या कितीतरी जणी तिथं पाल लावणार. कुणी भज्याचं, कुणी पापड-कुरडयांचं, कुणी गोधड्यांचं. म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

गेल्या चैत्रात आमच्या भागातल्या एका जत्रेत आमच्या गटांची तीन पालं होती. गावाचं नाव घेत नाही, कारण गाव आपलंच आहे आणि कुणाची बदनामी करायची नाही. जागा मिळाली ती पाळण्यांच्या लगत. आम्ही खूश झालो होतो. जिथं गर्दी तिथं धंदा, एवढाच हिशोब आम्हाला कळत होता. भज्याच्या मावशींनी गटातून पंधरा हजारांचं कर्ज उचललं होतं. मोठी शेगडी, कढई, तेलाचे दोन डबे, सगळं त्यातून.

संध्याकाळी सातच्या सुमारास ब्रेक डान्सच्या पाळण्याला भली मोठी रांग होती. रांग म्हणायची, नाहीतर नुसता घोळकाच होता. एका पोरानं पुढं उभं राहून चार-पाच मित्रांची जागा धरली होती. मित्र आले तसे मागचे ओरडले. "आम्ही काय मूर्ख म्हणून तासभर उभारलाव का?" एकानं ढकललं, दुसऱ्यानं कॉलर धरली, आणि बघता बघता कमरेचे पट्टे निघाले. मागं एक कुटुंब होतं, त्यांच्या कडेवरचं लेकरू खाली पडलं. मग त्या लेकराचा बापही त्यात उतरला.

रक्षक दोन होते. एक जेवायला गेलेला. दुसरा एकटा पळत आला, हातात काठी. त्यानं कोण भांडतंय, कोण सोडवतंय हे पाहिलंच नाही, जो समोर दिसला त्याच्यावर काठी घातली. झालं, काठी दिसताच गर्दी एकदम मागं सरकली. आणि मागं काय होतं? आमचं पाल. कढई कलंडली. मावशींचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला आणि पायावर तेल सांडलं. पाळणा तसाच फिरत होता, भोंग्यावर गाणं तसंच चालू होतं. कुणीतरी मावशींच्या हातावर टूथपेस्ट चोपडली. मधेच एक सांगून ठेवतो बायांनो, भाजलं तर पेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. साधं थंड पाणी, वीस मिनिटं धार धरायची आणि दवाखाना गाठायचा. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नाही. सगळ्या नुसत्या रडत होतो.

पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या पोरांना मंदिरामागं नेलं, मोठ्या माणसांनी दोन शब्द सुनावले, हात मिळवायला लावले, भांडण मिटलं. भाजलेल्या बाईचं नाव त्या बैठकीत निघालं नाही. मावशी तीन आठवडे घरी बसल्या, कर्जाचे दोन हप्ते थकले, आणि घरच्या माणसांनी ठरवून टाकलं की आता जत्रेत पाल लावायचं नाही. "बायांची कामं हायेत का ही?" असं म्हणाले. आमच्या मनाला लागलं ते हे. भांडली गर्दीतली पोरं, काठी चालवली रक्षकानं, आणि घरी बसवलं बाईला.

तेव्हा आम्ही ठरवलं, की हे नेमकं कुठं चुकलं ते समजून घ्यायचं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त जमादार आहेत, आयुष्यभर त्यांनी जत्रांचा बंदोबस्त केला. त्यांना ग्रामसंघाच्या बैठकीत बोलावलं. ते पहिल्याच वाक्यात म्हणाले, "ताई, भांडण पट्टा निघाल्यावर सुरू होत नसतंय. भांडण रांगेत शिजतंय."

लातूरकरणींना हे कुणी शिकवायला नको. २०१६ चा उन्हाळा आठवा. मार्च महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या जागांभोवती कलम १४४ लावायची वेळ आली होती. पाचपेक्षा जास्त माणसांनी तिथं जमायचं नाही, असा हुकूम. पुढं एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. तेव्हा घागरीवरून बायाबायांत जुंपली, ती काय बाया वाईट होत्या म्हणून? कुणाचा नंबर कधी येणार आणि आपल्यापर्यंत पाणी उरणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं म्हणून. ज्या गल्लीत घागरींना नंबर टाकले होते तिथं तोंडातोंडी व्हायची, पण हातघाई होत नव्हती. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडाला डिस्नेचं मोठं उद्यान आहे, तिथलं तिकीट म्हणजे आपल्या गटाचं कित्येक महिन्यांचं कर्ज. तिथं २०२२ च्या जुलैत दोन कुटुंबांत जबर मारामारी झाली. त्या वेळच्या बातम्यांत कारण दिलं होतं ते असं, की एक बाई रांगेतून बाहेर जाऊन फोन घेऊन आली आणि परत आपल्या माणसांजवळ जायला लागली, तर मागच्यांनी अडवलं. कॅमेरे होते, रक्षक होते, शिस्त होती, पैसा होता. तरी कारण आपल्या ब्रेक डान्सच्या रांगेचंच.

म्हणून रक्षकाचं पहिलं काम काठी धरण्याचं नाही, रांग धरण्याचं आहे. पाळण्यापुढं नुसतं मोकळं मैदान नको. बांबूचा का होईना कठडा हवा, म्हणजे माणसं एकामागं एक उभी राहतील. एकानं पाच जणांची जागा धरायची नाही, हे रांगेच्या तोंडाशीच सांगायला हवं. तासाभरानं सांगून उपयोग नाही. लघवीला किंवा लेकराला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला परत यायचं असेल तर रक्षकानं हातावर शिक्का मारावा, नाहीतर चिठ्ठी द्यावी. आणि शेवटच्या फेऱ्या राहिल्या असतील तर रांग आधी बंद करावी. "आता तुमच्यामागं कुणी उभं राहू नका, पाळणा बंद होणार." तासभर उभं राहिलेल्या माणसाला "आता बंद" म्हणणं म्हणजे काडी ओढणं. जमादार मामा म्हणाले, की दारू प्यालेला माणूस रांगेत दिसला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याच्याबरोबरच्या शहाण्या माणसाला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, दादा, तुमच्या भावाला जरा चहा पाजून आणा. एवढ्यानं निम्मं भांडण टळतं.

अमेरिकेतलंच आणखी एक सांगतो, कारण त्यावरून आमच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. कॅलिफोर्नियात नॉट्स बेरी फार्म नावाचं जुनं उद्यान आहे. २०२२ च्या जुलैतच एका शनिवारी तिथं पोरापोरांच्या मारामाऱ्या झाल्या आणि उद्यान वेळेआधी बंद करावं लागलं. मग त्यांनी नियम केला, की सतरा वर्षांच्या आणि त्याखालच्या पोरांबरोबर शुक्रवार ते रविवार कुणीतरी एकवीस वर्षांचं मोठं माणूस हवंच. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, आपल्या जत्रेतही असं करावं. आम्हाला पटलं नाही. आपल्याकडं हा नियम आला की दारात आधी कुणाला अडवतील? पोरींना. पोरं कुंपणावरून उड्या मारून आत जातील. ज्या पोरी वर्षातून एकदा मैत्रिणींबरोबर पाळण्यात बसतात, त्यांचं तेवढंही जाईल. नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, पण दारावर उभा असतो तो आपल्याच गावचा माणूस.

बरं, एवढं करूनही भांडण पेटलंच, तर? आता आम्ही ती संध्याकाळ परत डोळ्यांसमोर आणतो आणि जमादार मामांनी जे सांगितलं ते त्यात घालून बघतो.

रक्षकानं एकट्यानं आत घुसायचं नाही. घुसायच्या आधी शिट्टी, मग फोन किंवा वॉकीटॉकी. दुसरा रक्षक जेवायला जाणार असेल तर त्याच्या जागी तिसरा येईपर्यंत त्यानं हलायचं नाही. मारामारीत एकटा रक्षक म्हणजे तिसरा भांडणारा, असं मामा म्हणाले. त्या वेळात पाळणेवाल्यानं बटण बंद करायचं. पाळणा हळूच थांबवायचा, माणसं आतच बसू द्यायची, लगेच खाली उतरवून गर्दीत भर घालायची नाही. गाणं बंद झालं पाहिजे. आम्हाला हे आधी किरकोळ वाटलं होतं, पण विचार करा, भोंग्यावर ढोल वाजत असताना कुणाला कुणाचं ऐकू येणार? शिट्टी सुद्धा ऐकू येत नाही.

मग आधी भांडणारे नाही, बघणारे हलवायचे. ही गोष्ट आमच्या डोक्यातही आली नव्हती. भांडणाभोवती माणसांचं कडं होतं, मागचे पुढं ढकलतात, मोबाईल वर करून चित्रण करतात, आणि भांडणाऱ्याला मागं सरायची इच्छा असली तरी जागाच राहत नाही. चार माणसांपुढं माघार कशी घ्यायची, हा एक प्रश्न असतोच. म्हणून रक्षकानं हात पसरून, मोठ्या पण शांत आवाजात माणसांना मागं घ्यायचं, आणि ते मोकळ्या बाजूला. पालांकडं नाही, शेगड्यांकडं नाही, कठड्याकडं नाही. त्यासाठी मोकळी बाजू कुठली आहे हे त्याला सकाळीच माहीत पाहिजे. त्या दिवशी हे कुणी पाहिलं असतं तर गर्दी उजवीकडच्या मैदानात गेली असती. तिथं दहा गाड्या मावतील एवढी जागा रिकामी होती.

भांडणाऱ्यांशी बोलताना नाव माहीत नसतं, तर कपड्यांवरून हाक मारायची. "निळा शर्टवाले दादा, इकडं या, माझ्याकडं बघा." माणसाला आपल्यालाच हाक मारली असं वाटलं की तो क्षणभर थांबतो. "ए, थांब रे" म्हटलं की कुणीच थांबत नाही, उलट राग वाढतो. मागून मिठी मारून धरायचं नाही, कारण धरलेल्या माणसाला समोरचा मारतो आणि धरणाऱ्यावर सूड निघतो. दोघांच्या मधोमध उभं राहायचं नाही. दोन रक्षक दोन बाजूंना, एकेकाला घेऊन वेगवेगळ्या दिशेला न्यायचं, इतकं लांब की एकमेकांचं तोंड दिसता कामा नये. "सुरुवात कुणी केली?" हे तिथं विचारायचंच नाही. ते विचारलं की दोघं परत सुरू होतात. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, रक्त येतंय का ते बघायचं.

चाकू, गज, फुटलेली बाटली दिसली तर मात्र रक्षकानं मर्दपणा दाखवायचा नाही. माणसं दूर काढायची, ११२ ला फोन करायचा, आणि जखमीला बाहेर काढता येईल तेवढं काढायचं, १०८ ची गाडी बोलवायची. सहाशे रुपये रोजावर कुणाच्या लेकरानं जीव द्यायचा नसतो.

भांडण बायाबायांत असेल, किंवा भांडणात बाई असेल, तर महिला रक्षक पाहिजेच. जत्रेत निम्म्या बाया असतात आणि रक्षक सगळे पुरुष, हे कसं? बाईला ओढायचं, धरायचं काम पुरुष रक्षकानं करायचं नाही. पोरीची छेड काढली म्हणून भांडण पेटलं असेल, तर त्या पोरीला सगळ्यांसमोर "काय झालं सांग" म्हणून उभं करायचं नाही. तिला आणि तिच्याबरोबरच्या बाईला बाजूला न्यायचं. आम्ही बघितलंय, की छेडीवरून भांडण झालं की चौकशी पोरीचीच होते आणि दोन्हीकडची पोरं पान खायला मोकळी.

आणि सोडताना दोघांना एकाच दारानं, एकाच वेळी सोडायचं नाही. आधी एक बाजू, मग अर्ध्या तासानं दुसरी, आणि दुसऱ्या रस्त्यानं. नाहीतर जत्रेत मिटलेलं भांडण बस स्टँडवर परत उभं राहतं. वॉटर पार्कात हे सोपं असतं, तिथं भिंत असते, दार असतं, तिकीट असतं. जत्रेला चारही बाजू उघड्या. म्हणून जत्रेतल्या रक्षकाचं काम खरं तर पार्कातल्या रक्षकापेक्षा अवघड आहे, आणि शिकवलेला रक्षक मात्र पार्कात असतो.

माईकवर काय बोलायचं हे सुद्धा ठरलेलं असावं. "पाळण्याची रांग थोडा वेळ बंद आहे, उजवीकडच्या मैदानात जा, लेकरांचे हात धरा." एवढंच. अमक्या गावच्या पोरांनी तमक्या गावच्या पोरांना मारलं, असं माईकवर एकदा गेलं की दोन पोरांचं भांडण दोन गावांचं होतं. मग आडनावं निघतात, जात निघते, रात्री उशिरा मोटारसायकली निघतात. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे आम्ही काय म्हणतोय.

गर्दीत भीती आणि राग एकत्र आले तर काय होतं, ते मांढरदेवीला दिसलं. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, सातारा जिल्ह्यात वाईजवळचा काळूबाईचा डोंगर. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, माणसं घसरली, मागचे अंगावर आले. तिथं भांडण आधी नव्हतं. पण आपली माणसं मेली हे कळल्यावर संतापलेल्या लोकांनी दुकानं पेटवली, सिलिंडर फुटले, आणि त्या एका दिवसात तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यात बाया आणि लेकरं किती तरी. दुकानं होती ती आपल्यासारख्याच पोटासाठी आलेल्यांची. तेव्हापासून आम्हाला जत्रेत सिलिंडर दिसला की आधी बाहेर पडायची वाट कुठं आहे ते बघायची सवय लागायला हवी होती. लागली नाही. गेल्या चैत्रात आमच्या पालात दोन सिलिंडर होते.

आता कायद्याचं थोडं. आम्ही वकील नाही, पण एवढं समजून घेतलंय. खासगी सुरक्षा रक्षक म्हणजे पोलीस नव्हे. खाकीसारखा शर्ट घातला म्हणून त्याला कुणालाही मारायचा, झडती घ्यायचा, खोलीत डांबायचा अधिकार येत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला लागेल तेवढाच जोर लावता येतो, आणि तो अधिकार तुम्हाला आम्हालाही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे साधा माणूसही डोळ्यांसमोर अजामीनपात्र, दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला धरू शकतो, पण उशीर न लावता, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. सार्वजनिक जागी नुसती हाणामारी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ खालचा गुन्हा आहे, एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो जामीनपात्र आहे. म्हणजे तेवढ्यासाठी कुणाला धरून कोंडून ठेवता येत नाही. आणि तक्रार द्यायची असेल तर कुठल्याही ठाण्यात द्या, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

कमिटीनं दोन पोरांचं मिटवलं, ठीक आहे, ते त्यांचं. भाजलेल्या बाईच्या वतीनं मिटवायचा अधिकार त्यांना कुणी दिला? मावशींनी तक्रार दिली नाही. आम्हीही तेव्हा आग्रह धरला नाही. ते आमचं चुकलं.

आता जी गोष्ट सांगायची आम्हाला जड जाते ती. काठी घेऊन आलेला तो रक्षक कोण होता? आमच्याच ग्रामसंघातल्या एका बाईचा मुलगा. बावीस वर्षांचा, बारावी झालेला, भरतीची तयारी करणारा. त्या बाई आणि भज्याच्या मावशी दोन बैठका एकमेकींशी बोलल्या नाहीत. एक दाराशी बसायची, दुसरी भिंतीशी. हप्त्याचे पैसे सुद्धा तिसरीच्या हातून द्यायच्या. तिसऱ्या बैठकीला ती आई पोराला घेऊनच आली. पोरगं खाली मान घालून उभं. जमादार मामाही होते.

आम्ही विचारलं, तुला कामाला लावताना काय सांगितलं होतं? तो म्हणाला, "ठेकेदार म्हणला, गडबड केली कुणी तर दोन ठेवून द्यायचे." शिकवलं काय? काहीच नाही. सकाळी शर्ट दिला, काठी दिली, संध्याकाळी पैसे. मावशींनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग शिट्टी का नाही वाजवलास रे?" तो म्हणाला, "मावशी, शिट्टी एकच होती. ती जेवायला गेलेल्याकडं होती." त्यावर बैठकीत कुणी हसलं नाही.

आम्ही तोवर त्या पोरावर रागावलेलो होतो, आणि त्या काठीबद्दल अजूनही आहोत. ज्याच्या डोक्यात ती बसली असती तो मेला असता. पण राग फक्त त्याच्यावर काढून भागत नाही. खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा २००५ चा आहे. परवाना नसताना असा धंदा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रक्षक अठरा ते पासष्ट वर्षांचा, चारित्र्य तपासलेला आणि प्रशिक्षण झालेला हवा. केंद्राच्या नमुना नियमांत हे प्रशिक्षण शंभर तास वर्गातलं आणि साठ तास प्रत्यक्ष, असं धरलेलं आहे. आमच्या पोराला मिळालं एक वाक्य, ते पण चुकीचं. जत्रेतला ठेका सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला जातो, आणि कमी बोलीत शिकवणं कुठून बसणार?

गेल्या महिन्यात आमच्या तीन गटांनी मिळून कमिटीला अर्ज दिला. पोच घेतली, शिक्क्यानिशी. त्यात मागितलं ते फार नाही. रक्षक परवाना असलेल्या संस्थेचे असावेत आणि परवान्याची प्रत कमिटीनं दाखवावी. प्रत्येक रक्षकाला शिट्टी, आणि काठी कुणालाच नाही. दोन तरी महिला रक्षक. पाळण्यापुढं बांबूचा कठडा. शेगडीचं पाल रांगेपासून तीस पावलं लांब आणि मधे मोकळी वाट. पाळणेवाला, माईकवाला आणि रक्षक यांची जत्रेच्या आदल्या दिवशी अर्धा तास एकत्र बैठक, आणि तिला पालवाल्या बायांनाही बोलवावं. अर्ज वाचून कमिटीतले एक काका म्हणाले, "पोरी, जत्रा हाय का लष्कर हाय?" पण शिट्ट्यांचं त्यांनी तिथंच मान्य केलं. वीस शिट्ट्यांना किती पैसे लागतात? कठड्याचं बघू म्हणाले. महिला रक्षकांचं ऐकून सगळे एकमेकांकडं बघायला लागले, तेव्हा ग्रामसंघातल्या दोघींनी हात वर केला, आम्ही राहतो म्हणून. त्यांचं प्रशिक्षण कसं आणि कुठं करता येईल ते आम्ही विचारतो आहोत.

आमच्या बाजूनंही काही बदललं. आता आमच्या पालात शेगडी मागच्या अंगाला आणि पुढं जड बाकडं असेल. कढईच्या कडेला बसायचं नाही, जिथून उठून पळता येईल तिथं बसायचं. पाण्याची एक घागर फक्त भाजण्यासाठी भरून ठेवायची, तिच्यातलं पाणी चहाला घ्यायचं नाही. आतल्या कापडावर ११२ आणि १०८ मोठ्या अक्षरात लिहून लावायचं, कारण घाबरल्यावर नंबर आठवत नाहीत. आणि भांडण दिसलं की आधी रेग्युलेटर बंद, मग गल्ला, मग बाकी सगळं. गल्ला आधी की रेग्युलेटर आधी, यावर आमच्या बैठकीत पाऊण तास गेला.

तो पोरगा या चैत्रात रक्षक म्हणून जाणार नाही म्हणतो. त्याची आई म्हणते, जाऊ दे, पण शिकून जाऊ दे. मावशींचा हात बरा झालाय, नुसता वण आहे, थंडीत ओढतो म्हणतात. घरच्यांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांच्या मालकांनी कठडा बांधला की नाही ते स्वतः जाऊन बघायचं कबूल केलंय, तो दिसला तरच पाल. कमिटीची बैठक येत्या सोमवारी आहे, संध्याकाळी पाचला. आम्ही सात जणी जाणार आहोत, आणि मावशी आठव्या.